जुना सोफा विकताना अकाऊंट रिकामं होतं ते नेमकं कसं

मुंबईत लोक जुनं सामान विकायला काढतात ते बहुतेक वेळा घाईतच. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीये, महिनाभरात खोली खाली करायचीय आणि भाड्याच्या वन आरकेमधे आजीचं सागवानी कपाट काही मावणार नाही. नाहीतर बदली झालीये, किंवा नवीन सोफा शनिवारी येतोय आणि जुना ठेवायला जागाच नाही. मग मोबाईलवर चार फोटो काढायचे, ओएलएक्सवर नाहीतर फेसबुक मार्केटप्लेसवर टाकायचे, आणि जाहिरात टाकून चहा उकळत नाही तोवर पहिला फोन येतो. हा माणूस घासाघीस करत नाही, वस्तू बघायला येत नाही, फोटो आवडला म्हणतो आणि पैसे आत्ताच टाकतो म्हणतो. ज्या शहरात जुन्या मिक्सरच्या दोनशे रुपयांवरून माणसं अर्धा तास बोलतात तिथे असं गिऱ्हाईक मिळालं की आनंद व्हायच्या आधी सावध व्हायला हवं.

त्या फोनमागे काय चालतं ते जरा सविस्तर सांगते, कारण नुसतं "ओटीपी देऊ नका, पिन देऊ नका" हे सगळ्यांना पाठ आहे आणि तरी शिकलेली, नोकरी करणारी माणसं रोज फसतायत.

कुठल्याही खरेदी-विक्रीत तीन गोष्टी असतात, समोरचा माणूस, वस्तू आणि पैसे. लॅमिंग्टन रोडवर तुम्ही स्पीकर घेता तेव्हा तिन्ही एकाच काउंटरवर असतात, वाजवून बघता, पैसे देता, पिशवीत घालून निघता. फसवणारा जे काही करतो ते या तिघांपैकी एकाला लांब नेण्यासाठी करतो. माणूस येणार नाही पण पैसे देईल, पैसे "पाठवलेत" पण दिसायला वेळ लागेल, वस्तू गोडाऊनला आहे पण आधी टोकन द्या. खालचे सगळे प्रकार वाचताना एवढंच बघत राहा की तिघांपैकी कोण लांब आहे.

सगळ्यात जुना आणि अजूनही चालणारा प्रकार फौजीचा. फोनवरचा माणूस म्हणतो मी आर्मीत आहे, किंवा सीआयएसएफमधे आहे, एअरपोर्टला ड्युटी आहे, स्वतः येऊ शकत नाही, आमचा माणूस टेम्पो घेऊन येईल. लगेच व्हॉट्सॲपवर ओळखपत्र, कँटीन कार्ड, युनिफॉर्ममधला फोटो. ही कार्डं कुणाची तरी चोरलेली नाहीतर बनवलेली असतात, आणि युनिफॉर्म बघितला की आपण प्रश्न विचारायला संकोचतो याचाच तो फायदा घेतो. मग म्हणतो आर्मीचं अकाऊंट वेगळं असतं, आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, तुम्हाला दहा परत येतील. तुम्ही पाच पाठवता आणि खरोखर दहा येतात. इथे त्याचं अर्धं काम झालेलं असतं, कारण आता तुमच्या डोळ्यांनी तुम्ही पैसे आलेले बघितलेत. पुढचा मेसेज येतो, "मॅडम पूरे अमाउंट का कोड भेजा है, स्कॅन करके पिन डालो, पैसा आ जाएगा." स्कॅन करता, पिन टाकता, आणि पंधरा हजार यायच्या ऐवजी पंधरा हजार जातात.

एवढ्यावर तो फोन ठेवून पळत नाही हे नीट लक्षात घ्या. उलट तोच घाबरल्यासारखं करतो, "अरे गलती से कट गया, टेन्शन मत लो, रिफंड का कोड भेजता हूँ." आणि आपले गेलेले पैसे परत मिळवायच्या धडपडीत माणूस दुसऱ्यांदा पिन टाकतो, तिसऱ्यांदा टाकतो. २०२१ साली दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीबाबत हेच झालं, जुना सोफा विकायला काढला होता, आधी थोडीशी रक्कम खात्यात आली, मग क्यूआर कोड आला, आणि दोन वेळा मिळून ३४ हजार रुपये गेले. तेव्हा कुणी फसलं की "एवढं कसं कळलं नाही तुला" असं घरात म्हणायच्या आधी हे आठवा. समोरचा माणूस दिवसभर तेच काम करतोय, आपण वर्षातून एकदा सोफा विकतो.

आता क्यूआर कोडमधे असतं काय? त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी लिहिलेला असतो, कधी कधी रक्कमही आधीच भरलेली असते. भाजीवाल्याच्या गाडीवर कोड लावलेला असतो तो तुम्ही स्कॅन करता आणि पैसे भाजीवाल्याला जातात, भाजीवाला कधी तुमचा कोड स्कॅन करून पैसे घेत नाही. म्हणजे जो स्कॅन करतो तो देतो, ज्याचा कोड आहे तो घेतो. सोफा तुम्ही विकताय तर कोड तुमचा असायला हवा आणि स्कॅन त्याने करायला हवा, त्याने पाठवलेला कोड तुम्ही उघडायचं काहीच कारण नाही. आणि यूपीआय पिन म्हणजे तुम्ही तुमच्या बँकेला दिलेली परवानगी, की माझ्या खात्यातून पैसे काढ. पैसे पाठवायला सहसा तो लागतो, ऑटोपे म्हणजे आपोआप कापले जाणारे हप्ते मंजूर करायला लागतो, बॅलन्स बघायला लागतो. पैसे यायला पिन लागत नाही, स्कॅन लागत नाही, ओटीपी लागत नाही, कुठलं बटण दाबावं लागत नाही. तुम्ही लोकलमधे झोपलेल्या असाल तरी पैसे येतात.

पूर्वी याच कामाला "रिक्वेस्ट" वापरायचे, म्हणजे समोरचा तुमच्याकडे पैसे मागायची विनंती पाठवायचा आणि तुम्हाला वाटायचं पैसे येतायत. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने माणसाने माणसाला अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, पण दुकानं आणि कंपन्यांच्या रिक्वेस्ट चालू आहेत, त्यामुळे स्क्रीनवर काहीतरी आलं आणि खाली पिन मागतंय असं झालं तर ते कुणाच्याही नावाने असो, आधी थांबा आणि वर काय लिहिलंय ते वाचा. ॲप खोटं बोलत नाही, त्यावर "पे" असंच लिहिलेलं असतं, फक्त समोरचा फोनवर इतकं बोलत राहतो की आपण वाचतच नाही. म्हणून फोन चालू असताना पैशाचं ॲप उघडायचंच नाही. फोन ठेवा, मग उघडा.

याच जातीचे अजून काही प्रकार आहेत ते भरभर सांगते. पेमेंट अडकलंय म्हणून स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावतात, म्हणजे तुमच्या फोनवर जे दिसतं ते सगळं त्याला दिसतं. व्हॉट्सॲपवर "पावती" म्हणून एपीके फाईल, म्हणजे खरं तर एक ॲप, पाठवतात, ती इन्स्टॉल केली की तुमचे मेसेज तो वाचू शकतो. कुरिअरवाला म्हणून फोन करून *४०१* आणि पुढे एक नंबर डायल करायला सांगतात, त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि कॉल करून सांगितले जाणारे ओटीपीही तिकडेच जातात. असं झालंय अशी शंका आली तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग बंद होतं.

पैसे "पाठवलेत" वाला प्रकार वेगळा. इथे माणूस किंवा त्याचा टेम्पो खरंच दारात येतो, स्क्रीनशॉट दाखवतो, हिरवी टिक, तुमचं नाव, रक्कम सगळं बरोबर. असले स्क्रीनशॉट बनवून देणारी खोटी ॲप असतात. कधी बँकेसारखा मेसेजही येतो, पण तो दहा आकडी मोबाईल नंबरवरून येतो, बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावाने येत असतो. त्यामुळे त्याचा फोन बघायचा नाही, मेसेजपण धरायचा नाही, आपलं बँकेचं ॲप उघडून आपला बॅलन्स आणि एंट्री बघायची. "सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळपर्यंत येतील" म्हणाला तर सामानही संध्याकाळी न्या म्हणायचं, यात वाईटपणा काही नाही. चेकचंही तेच, चेक भरल्याची स्लिप म्हणजे पैसे नाहीत, क्लिअर होऊन खात्यात दिसले की पैसे.

आता एका प्रकाराबद्दल जरा जास्त लिहिते कारण हा कमी लोकांना माहितीये आणि यात विकणारा काहीही चूक न करता अडकतो. तुम्ही लॅपटॉप विकला, पैसे खरंच खात्यात आले, तुम्ही लॅपटॉप दिला, विषय संपला. काही दिवसांनी एटीएमला गेलात तर खातं गोठवलेलं. बँकेत विचारलं तर सांगतात दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून सूचना आली. झालेलं असं असतं की त्या माणसाने तुम्हाला स्वतःचे पैसे दिलेच नाहीत, कुठल्यातरी तिसऱ्या माणसाला फसवून त्याच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात पाठवले. तिसऱ्याने तक्रार केली, पोलीस पैशाचा माग काढत तुमच्यापर्यंत आले, लॅपटॉप घेऊन गेलेला मधला माणूस कागदावर कुठेच नाही. पगार याच खात्यात येत असेल तर घराचा हप्ता, मुलांची फी, सगळं अडतं. याचाच भाऊ म्हणजे "चुकून जास्त गेले, पाच हजार या दुसऱ्या नंबरवर परत पाठवा", यात तर तुम्ही स्वतःच चोरीचे पैसे पुढे ढकलता.

यावर उपाय साधा आहे, पैसे ज्याच्या नावाने येतायत तोच माणूस समोर उभा असायला हवा. पैसे पाठवणाऱ्याचं नाव ॲपमधे दिसतं, ते आणि समोरच्याचं ओळखपत्र जुळतंय का बघा, "भाऊ टाकतोय, मित्र टाकतोय" म्हणाला तर भावालाच बोलवा. रक्कम मोठी असेल तर एक कागद करा, काय विकलं, सिरीयल नंबर, किती पैसे, तारीख, दोघांच्या सह्या, आणि ओळखपत्राचा फोटो. असा कागद असेल तर खातं गोठलं तरी पोलिसांना आणि बँकेला दाखवायला हातात काहीतरी असतं. जास्तीचे पैसे आले तर स्वतः परत पाठवू नका, बँकेला लेखी कळवा, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात बँकेमार्फत जाऊदेत.

घेणाऱ्याच्या बाजूला येऊ. इथे लांब असते ती वस्तू. बाजारात चाळीस हजाराला जाणारी स्कूटर अठरा हजाराला, फोटो एकदम चकाचक, मालक फौजी, बदली झालीये, गाडी एअरपोर्टच्या पार्किंगला उभी आहे, गेटपासचे एकवीसशे भरा, परत मिळतील. मग डिलिव्हरी चार्ज, मग इन्शुरन्स, मग जीएसटी, प्रत्येक वेळी थोडे थोडे आणि प्रत्येक वेळी "रिफंडेबल". पवई-अंधेरीला भाड्याने घर शोधणाऱ्या पोरांनाही असंच गाठतात, फ्लॅट बघायला सोसायटीचा व्हिजिटर पास काढावा लागतो, त्याचे पैसे आधी भरा. घर बघायला पैसे लागत नाहीत. वस्तू हातात घेतल्याशिवाय एक रुपया नाही, एवढं धरून बसलात तर यातलं काहीच तुम्हाला लागू होत नाही, आणि "दुसरं गिऱ्हाईक येतंय, टोकन द्या नाहीतर गेलं" असं कुणी म्हटलं तर जाऊदे गेलं तर.

जुना फोन घेताना दोन गोष्टी भेटीतच करा. *#०६# डायल केलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा नंबर, येतो, तो सरकारच्या संचार साथीच्या वेबसाईटवर किंवा ॲपमधे टाकला की हँडसेट खरा आहे का आणि तो ब्लॅकलिस्ट केलेला आहे का ते कळतं. चोरीला गेलेला फोन मालकाने तिथे ब्लॉक केलेला असला तर तो आपल्याकडे नीट चालणार नाही, आणि त्यात सिम घातलं की पोलिसांना माग लागू शकतो, मग चौकशीला तुम्ही. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसा संशय यायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, म्हणून बिल मागा, बॉक्सवरचा नंबर जुळवा, आणि बिल नाही तर भाव कमी हा सौदा करू नका. दुसरं म्हणजे विकणाऱ्याला तिथेच त्याचं गुगल किंवा ॲपलचं अकाऊंट काढून फोन रीसेट करायला सांगा आणि सुरू होईपर्यंत थांबा. लॉक राहिलेला आयफोन म्हणजे नुसती काच. विकणारे तुम्ही असाल तर हेच उलट, अकाऊंट काढल्याशिवाय आणि रीसेट केल्याशिवाय फोन हातातून सोडू नका, त्यात तुमचे फोटो आणि बँकेची ॲप असतात.

गाडीचं काम फोनपेक्षा मोठं आहे. नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपमधे टाकून नोंदणी आणि विमा बघा, चलनं किती थकलीत ते बघा, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मागा. विकणाऱ्यांनी तर गाडी दिली आणि सुटलो असं समजायचंच नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं नाही तर कागदावर मालक तुम्हीच राहता, चलन तुम्हाला येतं, आणि त्या गाडीने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येऊ शकते, सुप्रीम कोर्टाने २०१८ साली हे स्पष्ट केलंय. त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "मी करून घेतो ट्रान्सफर, तुम्ही फक्त कोऱ्या फॉर्मवर सही द्या" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका, आरटीओ ताडदेवचं असो, वडाळ्याचं असो नाहीतर अंधेरीचं, एक सकाळ काढा आणि सोबत जा.

इन्स्टाग्रामवरच्या दुकानांचं थोडक्यात. पैठणी बाराशेला, कमेंट बंद, पत्ता नाही, पैसे कुणाच्यातरी खासगी नंबरवर, असं असेल तर पुढे जाऊ नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाईन विकणाऱ्या कंपनीने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती द्यायची असते, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिनाभरात. कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, वरचा पत्ता दिसू दे. पण हे सगळं दुकानाकडून, व्यापाऱ्याकडून घेतलं तर. घरातलं जुनं टेबल एका माणसाने दुसऱ्याला विकलं तर ग्राहक कायद्याचं हे छत्र सहसा मिळत नाही, म्हणून तिथे भेटून व्यवहार करणं जास्तच गरजेचं.

भेटायचं कुठे? छोट्या वस्तूला रेल्वे स्टेशन चांगलं, दादरला तिकीट खिडकीजवळ गर्दी आणि कॅमेरे दोन्ही असतात, मेट्रो स्टेशन किंवा मॉलचं फूडकोर्टही चालतं. लॅपटॉप असेल तर जिथे प्लग आहे तिथे बसा आणि चार्ज होतोय का बघा. कपाट-सोफा घरीच दाखवावा लागतो, तेव्हा घरात अजून कोणीतरी असू दे, वॉचमनच्या रजिस्टरमधे नाव-नंबर लिहायला लावा, आणि जाहिरातीत फ्लॅट नंबर टाकू नका. रात्री उशिरा, सुनसान स्कायवॉकवर, ऐनवेळी बदललेल्या जागेवर जायचं नाही.

आणि एवढं करूनही पैसे गेले तर? पहिला फोन १९३० ला, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन. घरच्यांना नंतर सांगा, त्या माणसाशी भांडायला नंतर जा. कारण तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेला ती लगेच कळते आणि खात्यात जे उरलंय ते रोखता येतं. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, चार-पाच खात्यांत फोडतो आणि एटीएममधून काढतो, म्हणून पहिल्या तासाला एवढं महत्त्व. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर किंवा रेफरन्स नंबर, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी जवळ ठेवा. लाईन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरा, लगेच बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या.

बँकेकडून भरपाई मिळेल का याबद्दल खोटी आशा नको. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमात तुमची किंवा बँकेची चूक नसताना बाहेरच्याने पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच येत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, म्हणजे त्याने स्वतःची माहिती दुसऱ्याला दिली वगैरे, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं, असं त्यात आहे. सोफ्याच्या प्रकारात पिन आपणच टाकलेला असतो, त्यामुळे बँक हेच दाखवते. म्हणूनच पटकन कळवायचं, एका तासात कळवलं तर एक तासाचंच नुकसान.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी अजून एक फोन येऊ शकतो, मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे मिळालेत, सोडवायला फी भरा. तो पण चोरच. पोलीस पैसे परत करायला फी घेत नाहीत. तेव्हा त्यालाही नाही म्हणा, त्याचाही नंबर तक्रारीत जोडा, आणि पहिल्या माणसाचं चॅट, कॉलची यादी, त्याने पाठवलेली ओळखपत्रं, क्यूआर कोड यातलं काहीही रागाच्या भरात डिलीट करू नका, पोलिसांना माग काढायला त्याचाच आधार असतो.